न भेटलेल्या माणसाला मनातलं सगळं का सांगितलं जातं?

माझ्या एका मैत्रिणीने आपलं लग्न मोडत आलंय ही गोष्ट सात महिने सख्ख्या ताईला सांगितली नव्हती. दोघी रोज फोनवर बोलणाऱ्या, तरी नाही. सांगितली कोणाला, तर मोबाइलवर शब्दकोड्यांचा गेम खेळताना ओळख झालेल्या एका माणसाला, ज्याचा चेहरा तिने पाहिला नव्हता, आवाज ऐकला नव्हता, आडनावसुद्धा माहीत नव्हतं. रात्री पावणेदोनला तिने तो मेसेज पाठवला. मला नंतर दाखवला, स्क्रोल करता करता अंगठा दुखेल एवढा लांब, मध्ये कुठे स्वल्पविराम नाही की पूर्णविराम नाही, एका दमात ओतल्यासारखा. त्याखाली त्याचं उत्तर, "वाचलं. परत एकदा वाचलं. लगेच झोपू नकोस, मी आहे." ते वाचून ती रडली, इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

मी विचारलं, ताईला का नाही गं सांगितलंस? ती म्हणाली, "ताईला सांगितलं असतं तर ते खरं झालं असतं."

हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही, आणि हा लेख त्यामुळेच लिहितेय. बातम्यांत हा विषय सध्या दोन बाजूंनी येतो. एक म्हणजे महिनोन्महिने चॅटवर बोलून जीव लावलेला माणूस भामटा निघाला आणि आयुष्यभराची पुंजी गेली. दुसरी म्हणजे लोक आता एआय चॅटबॉटला मनातलं सांगायला लागलेत. दोन्हींवर लोकांचं म्हणणं एकच, "एवढं साधं कसं कळत नाही?" मला हे वाक्य ऐकलं की राग येतो. कारण यात अक्कल कमी पडण्याचा प्रश्न फार थोडा आहे, माणसाचं मन जवळीक कशी मोजतं त्याचा प्रश्न जास्त आहे, आणि ते मोजमाप तुमचं माझं सगळ्यांचं सारखंच आहे.

मन मोकळं करणं म्हणजे नेमकं काय

मानसशास्त्रात याला सेल्फ डिस्क्लोजर म्हणतात, स्वतःबद्दलची जी गोष्ट समोरच्याला आपण सांगितल्याशिवाय कळली नसती ती सांगणं. आपण इथे मन मोकळं करणंच म्हणू. सिडनी जुरार्ड नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९५८ मध्ये एका सहकाऱ्याबरोबर यासाठी एक प्रश्नावली केली. त्यात साठ विषय होते, आवडीनिवडी, काम, पैसा, शरीर, स्वभाव असे, आणि प्रत्येकापुढे विचारलं होतं की हे तुम्ही आईला किती सांगितलंय, वडिलांना किती, मित्राला किती, मैत्रिणीला किती, जोडीदाराला किती. म्हणजे तेव्हाच त्याच्या लक्षात आलं होतं की माणूस मोकळा आहे का बंद, असा सरसकट प्रश्न विचारून उपयोग नाही, कोणापुढे मोकळा हे विचारायला हवं. माझी मैत्रीण ताईपुढे बंद आणि कोड्यातल्या माणसापुढे मोकळी, यात काही विचित्र नाहीये.

पुढे १९७३ मध्ये अर्विन आल्टमन आणि डालमस टेलर या दोघांनी कांद्याची उपमा दिली. माणूस कांद्यासारखा, वरच्या पापुद्र्यात आवडता रंग, नोकरी, सुट्टीत काय केलं वगैरे, त्याखाली मतं, त्याच्याही खाली भीती, लाज, आपण कोणालाच न सांगितलेलं. नातं वाढतं तसा एकेक पापुद्रा निघतो. आधी रुंदी वाढते, म्हणजे खूप विषयांवर थोडं थोडं बोलणं होतं, मग हळूहळू खोली. आणि हे आळीपाळीने होतं, तू एक सांगितलंस, मी एक सांगितलं. आर्थर अ‍ॅरन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये हेच मुद्दाम घडवून पाहिलं. अनोळखी लोकांच्या जोड्या लावल्या, हळूहळू खोल जाणारे ३६ प्रश्न दिले, दोघांनीही आळीपाळीने उत्तर द्यायचं, एकूण ४५ मिनिटं. नुसत्या इकडच्या तिकडच्या गप्पा मारणाऱ्या जोड्यांपेक्षा या जोड्यांना एकमेकांबद्दल बरीच जास्त जवळीक वाटली. पाऊण तासात! म्हणजे जवळीक वाटायला वर्षं लागतातच असं नाही, सांगण्याचा क्रम जुळला की ती फार पटकन येते. हे "पटकन" लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

अनोळखी माणूसच का सापडतो

इंटरनेट नव्हतं तेव्हाही हे होतंच. गेऑर्ग झिमेल या जर्मन समाजशास्त्रज्ञाने १९०८ मध्येच लिहून ठेवलंय की परक्या माणसाला लोक अशा गोष्टी सांगतात ज्या जवळच्यांपासून जपून लपवतात. ट्रेनमध्ये शेजारी बसलेल्याला माणूस घरातलं सगळं सांगून टाकतो आणि आपलं स्टेशन आलं की उतरतो, हे आपल्यातल्या किती जणांनी केलंय. झिक रुबिन याने १९७५ मध्ये विमानतळावर थांबलेल्या प्रवाशांवर प्रयोग केले. संशोधक स्वतःबद्दल चार ओळी लिहून दाखवायचा आणि प्रवाशाला म्हणायचा, आता तुम्ही स्वतःबद्दल लिहा. साधारण असं दिसलं की समोरच्याने जितकं खाजगी लिहिलं तितकं प्रवाशांनीही खाजगी लिहिलं, अर्थात एका मर्यादेपर्यंत, समोरचा एकदम फारच आतलं सांगायला लागला की लोक बिचकायचे. लंडनमध्ये १९५३ साली चॅड वाराह नावाच्या पाद्र्याने टोकाच्या निराशेत असलेल्यांसाठी फोनची सेवा सुरू केली, समॅरिटन्स या नावाने ती आजही चालू आहे, आणि तिचा पाया हाच की ऐकणारा तुम्हाला ओळखत नाही.

याचं कारण मला मैत्रिणीच्या त्या वाक्यात सापडतं. जवळच्या माणसाला एखादी गोष्ट सांगितली की ती गोष्ट घरात राहायला येते. दुसऱ्या दिवशी सकाळी ती ताईच्या नजरेत दिसते, "कशी आहेस?" या साध्या प्रश्नाचा सूर बदलतो, ती आईला सांगेल का ही धाकधूक सुरू होते, आणि उद्या तुमचं सगळं ठीक झालं तरी ताईला ते आठवत राहतं. अनोळखी माणसाला सांगितलेलं असं मागे लागत नाही, त्याच्या आणि तुमच्या ओळखीत एकही माणूस सामाईक नसतो.

पण ऑनलाइन भेटलेला माणूस ट्रेनमधल्या माणसासारखा पूर्ण नाही, इथेच खरी गंमत आहे. ट्रेनमधला उतरून जातो. हा उतरत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा मेसेज येतो, झोप लागली का? म्हणजे परक्याला सांगण्यातला बिनधास्तपणा आणि मित्राचं रोज सोबत असणं या दोन गोष्टी, ज्या आधी सहसा एकाच माणसात कधी मिळत नव्हत्या, त्या एकाच खिडकीत मिळायला लागल्या. आपल्या मनाला याची सवय नाही.

स्क्रीनवर बोलताना आडपडदा का गळतो

जॉन सुलर या मानसशास्त्रज्ञाने २००४ मध्ये यावर एक लेख लिहिला जो आजही सगळे वापरतात. ऑनलाइन माणसाचा संकोच सुटतो, आणि तो दोन्हीकडे सुटतो, काही जण मन मोकळं करतात आणि काही जण शिव्या घालतात, मूळ कारणं तीच. त्याने सहा कारणं सांगितली, त्यातली तीन मला इथे महत्त्वाची वाटतात.

पहिलं, दिसत नाही. आपण रडवेलं तोंड करून बोलतोय हे समोरच्याला दिसत नाही, आणि त्याने भुवई उचलली, जांभई दिली, घड्याळाकडे पाहिलं हे आपल्याला दिसत नाही. प्रत्यक्ष बोलताना आपण सतत त्या चेहऱ्याकडे बघून वाक्य अर्धवट सोडत असतो. केनेथ गर्गेन आणि सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये एक प्रयोग केला होता, अनोळखी लोकांना एका खोलीत तासभर सोडायचं, काही गटांना उजेडात आणि काहींना मिट्ट काळोखात, आणि नंतर त्यांची भेट होणार नाही हे आधीच सांगितलेलं. उजेडातले लोक तासभर नीट बसून गप्पा मारत राहिले. काळोखातल्यांच्या गप्पा थोड्या वेळाने थांबल्या, ते जवळ सरकले, आणि जवळपास निम्म्या लोकांनी सांगितलं की त्यांनी कोणाला तरी मिठी मारली. उजेडातल्यांपैकी एकानेही नाही. फक्त दिवा बंद केला होता. इंटरनेटच्या काळात अ‍ॅडम जॉइन्सन याने २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत हेच वेगळ्या पद्धतीने दिसलं, चॅटवर बोलणाऱ्या जोड्यांनी समोरासमोर बसलेल्यांपेक्षा स्वतःबद्दल जास्त सांगितलं, आणि चॅटला कॅमेरा जोडून एकमेकांचे चेहरे दिसायला लागले की ते सांगणं कमी झालं.

दुसरं, लगेच उत्तर द्यावं लागत नाही. लिहा, खोडा, परत लिहा, पाठवा आणि फोन उलटा करून ठेवा. मैत्रीण म्हणाली तिने तो मेसेज पाठवला आणि लगेच फोन उशीखाली सरकवला. ताईच्या पुढ्यात बसून बोलल्यावर असं उशीखाली काय सरकवणार.

तिसरं मला सगळ्यात विलक्षण वाटतं. समोरच्याचे मेसेज आपण वाचतो तेव्हा डोक्यात एक आवाज वाचत असतो, आणि तो आवाज त्याचा नसतो, आपणच बनवलेला असतो. हळूहळू त्या आवाजाला एक चेहरा येतो, बसण्याची पद्धत येते, हसणं येतं. म्हणजे आपण बोलतोय एका माणसाशी पण तो माणूस राहतोय आपल्याच डोक्यात, आणि स्वतःच्या डोक्यातल्या माणसाला काहीही सांगायला कसली लाज? मैत्रिणीने चार महिन्यांनी त्याला पहिल्यांदा फोन केला तेव्हा तिला धक्काच बसला. त्याचा आवाज चांगला होता, फक्त बारीक आणि भरभर बोलणारा, आणि तिच्या मनात इतके दिवस एक सावकाश बोलणारा भारदस्त माणूस होता. ती म्हणाली, "पहिली पाच मिनिटं मला वाटलं मी माझ्या मित्राच्या फोनवर दुसऱ्याच कोणाशी तरी बोलतेय."

समोरचा एवढा चांगला का वाटतो

जोसेफ वॉल्थर याने १९९६ मध्ये एक मुद्दा मांडला, तोवर अनेकांना वाटायचं की नुसत्या टायपिंगने होणारं बोलणं कोरडं असणार, चेहरा नाही आवाज नाही, त्यात माया कुठून येणार. वॉल्थर म्हणाला, उलटंही होऊ शकतं, कधीकधी ते प्रत्यक्षापेक्षाही जास्त गहिरं होतं. कारण पाठवणारा स्वतःचा चांगला भागच निवडून पाठवतो, मुद्दाम फसवायला नव्हे, आपण सगळेच विचार करून लिहितो तेव्हा थोडे शहाणे दिसतो. वाचणारा मधल्या रिकाम्या जागा भरतो आणि सूर जुळलेले असले की चांगल्याच गोष्टींनी भरतो. मग त्या चांगल्या माणसाशी आपण आणखी प्रेमाने बोलतो, आणि आपल्या प्रेमाने बोलण्यामुळे तो खरोखरच आणखी चांगला वागतो. चक्र सुरू.

रेडिओवरचा निवेदक रोज ऐकून आपण त्याचं एक रूप मनात धरलेलं असतं आणि एक दिवस फोटो बघितला की "हा?" असं होतं ना, तसंच हे, फक्त इथे आपण चेहऱ्याऐवजी अख्खा स्वभाव मनाने रंगवलेला असतो.

कॅटलिन मॅकेना आणि सहकाऱ्यांचा २००२ चा प्रयोग या बाबतीत वाचण्यासारखा आहे. लोकांना दोन माणसांशी ओळख करून दिली, एकाशी चॅटवर आणि एकाशी समोरासमोर, मग विचारलं कोण जास्त आवडलं. चॅटवाला जास्त आवडला. प्रत्यक्षात दोन्ही वेळा माणूस एकच होता, त्यांना ते माहीत नव्हतं. हा प्रयोग वाचल्यावर मी बराच वेळ विचार करत बसले, माझ्या स्वतःच्या किती मैत्रींमध्ये मी आधी मेसेज वाचलेत आणि माणूस नंतर बघितलाय.

आता खरा मुद्दा: सांगितल्याने कोण कोणाच्या जवळ जातं?

नॅन्सी कॉलिन्स आणि लिन मिलर या दोघींनी १९९४ मध्ये तोवर झालेल्या कितीतरी अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. त्यातून तीन गोष्टी दिसल्या. जो आपल्यापुढे मन मोकळं करतो तो आपल्याला आवडायला लागतो. जो आवडतो त्याच्यापुढे आपण मन मोकळं करतो. या दोन्ही आपल्याला माहीतच आहेत. तिसरी गोष्ट मात्र सहज लक्षात येत नाही: आपण ज्याला सांगितलं तो, केवळ आपण त्याला सांगितलं म्हणून, आपल्याला जास्त आवडायला लागतो. त्याने काही न सांगता!

हे नीट थांबून बघा. मी तुम्हाला माझं दुःख सांगितलं. आता तुम्ही मला ओळखता. पण वाटतं असं की मी तुम्हाला ओळखते. मनातला जवळिकीचा काटा पुढे सरकला तो मी किती ओतलं त्यावर, मला तुमच्याबद्दल किती कळलं त्यावर नाही. आणि ऑनलाइन आपण भरभर ओततो, वर सांगितलेल्या सगळ्या कारणांनी, त्यामुळे काटा भरभर सरकतो, समोरच्याबद्दलची माहिती मात्र सावकाश येते, कधी अजिबातच येत नाही.

बरं, सांगण्यात सुख असतं हेही खरं. डायना तमीर आणि जेसन मिचेल यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लोकांना पर्याय दिले होते, दुसऱ्या कोणाबद्दल किंवा साध्या माहितीच्या प्रश्नाचं उत्तर द्या आणि जास्त पैसे घ्या, किंवा स्वतःबद्दल सांगा आणि थोडे कमी घ्या. लोकांनी सरासरी १७ टक्के कमाई सोडली, स्वतःबद्दल सांगायला मिळावं म्हणून. मेंदूचे जे भाग बक्षीस मिळाल्यावर जागे होतात तेच स्वतःबद्दल सांगतानाही जागे झालेले दिसले. मग हे सुख ज्याच्यासोबत मिळतं तो माणूस जवळचा वाटणारच.

मैत्रिणीला मी हे सगळं सांगितलं तेव्हा ती आधी चिडली. मग एक दिवस तिने स्वतःहून एक कागद आणला. मधोमध रेघ मारलेली, डावीकडे "त्याला माझ्याबद्दल काय माहीत आहे", उजवीकडे "मला त्याच्याबद्दल काय माहीत आहे". डावी बाजू पान भरून मागच्या बाजूला गेली होती. उजवीकडे सहा ओळी. आणि त्या सहांतल्या चार ओळींपुढे तिने स्वतःच बारीक अक्षरात लिहिलं होतं, "असं मला वाटतं". शांत स्वभावाचा, असं मला वाटतं. एकटा राहतो, असं मला वाटतं.

तो वाईट माणूस होता असं मी म्हणत नाहीये. त्याने काही लपवलं असंही नाही. तिने विचारलंच नव्हतं, आणि तो ऐकत राहिला.

सुसन स्प्रेचर आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये यावरच एक प्रयोग केला, व्हिडिओ कॉलवर. काही जोड्या आळीपाळीने प्रश्न विचारत आणि उत्तरं देत होत्या, तर काहींमध्ये आधी एकच जण बराच वेळ बोलत होता आणि दुसरा ऐकत होता, मग अदलाबदल. आळीपाळीने बोलणाऱ्यांना एकमेकं जास्त आवडली. म्हणजे कांद्याच्या उपमेतली ती "तू एक मी एक" ही अट नुसती शिष्टाचाराची नाहीये, खरी जवळीक त्या देवाणघेवाणीतच तयार होते.

"मग ऑनलाइन जुळलेली नाती खोटीच म्हणायची का?"

नाही हो. हा प्रश्न मला हमखास विचारला जातो आणि मी दरवेळी ठामपणे नाही म्हणते. मॅकेना यांच्याच संशोधनात ऑनलाइन ओळख झालेल्या लोकांना दोन वर्षांनी परत विचारलं तेव्हा बहुतेकांची नाती टिकलेली होती. अमेरिकेत मायकेल रोझनफेल्ड आणि सहकाऱ्यांनी केलेल्या पाहणीत २०१७ मध्ये एकत्र आलेल्या स्त्री-पुरुष जोडप्यांपैकी साधारण ३९ टक्क्यांची पहिली भेट ऑनलाइन झाली होती. एवढी सगळी माणसं कल्पनेच्या प्रेमात पडलीत असं कसं म्हणणार?

आणि काहींसाठी तर तीच एक जागा असते. जो बोलताना अडखळतो त्याला टाइप करताना अडखळावं लागत नाही. दुर्मीळ आजार असलेल्याला ओळखीत तोच आजार असलेला दुसरा माणूस सापडतच नाही. मॅकेना आणि जॉन बार्ग यांचा १९९८ चा एक अभ्यास आहे, समाजापासून आपली लैंगिक ओळख लपवून ठेवलेल्या लोकांचा. ऑनलाइन गटांत जे नुसते वाचत न बसता बोलायला लागले त्यांचा स्वतःला स्वीकारण्याकडे कल वाढला, आणि त्यातल्या अनेकांनी पुढे घरच्यांना, मित्रांना प्रत्यक्ष सांगितलं. म्हणजे अनोळखी माणसांपुढे केलेली ती रंगीत तालीमच झाली.

"पण तिथे सगळे खोटं बोलतात" हेही लोक म्हणतात. कटालिना टोमा आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये न्यूयॉर्कमधल्या ८० जणांची डेटिंग प्रोफाइलं प्रत्यक्ष तपासली, उंची टेपने मोजली, वजन काट्यावर केलं, वय ओळखपत्रावर पाहिलं. दहातल्या आठ जणांनी यातल्या एका तरी गोष्टीत खोटं लिहिलं होतं. पण किती? बहुतेकांनी अगदी थोडं, समोरासमोर उभं राहिल्यावर पटकन लक्षातही येणार नाही इतकं. कारण भेटायचं आहे हे त्यांना माहीत होतं. ज्याला कधीच भेटायचं नाही त्याला हा लगाम नसतो, फरक तिथे आहे.

"फसतात ते भोळेच असतात"

हे तर मुळीच पटत नाही मला. अमेरिकेतल्या ग्राहक संरक्षणाचं काम बघणाऱ्या फेडरल ट्रेड कमिशनकडे २०२२ या एका वर्षात जवळपास ७० हजार लोकांनी प्रेमाच्या नावाखाली झालेल्या फसवणुकीची तक्रार केली, नुकसान १.३ अब्ज डॉलर. एका वर्षात एका देशात एवढे भोळे?

भामटा करतो काय ते बघा. तो सुरुवातीला बोलत नाही, ऐकतो. प्रश्न विचारतो, लक्षात ठेवतो, तीन आठवड्यांनी तुमच्या आईच्या ऑपरेशनची तारीख आठवणीने विचारतो. तुमच्याशी जुळणारं एक दुःख सांगतो, तुमची पत्नी गेलेली असेल तर त्याचीही बहीण गेलेली असते, म्हणजे "तू एक मी एक" हा नियम पाळल्यासारखं वाटतं, फक्त त्याने दिलेली गोष्ट बनवलेली असते. बाकी सगळं काम तुमचं मनच करतं, रिकाम्या जागा भरणं, आवाज बनवणं, सांगितल्यामुळे जवळीक वाटणं. पैशाचा विषय निघतो तेव्हा मागणारा परका राहिलेलाच नसतो, सगळ्यात जवळचा झालेला असतो, आणि तोवर बहुतेक वेळा त्याने घरच्यांपासून हे गुपित ठेवायलाही शिकवलेलं असतं.

नंतर अशा माणसाला दुहेरी शोक असतो. पैसे गेले ते लोकांना कळतं. पण जो माणूस रोज सकाळी विचारपूस करायचा तो माणूसही गेला, आणि तो कधी नव्हताच, हे दुःख सांगायला त्याच्याकडे कोणी नसतं कारण हसतील ही भीती. म्हणून म्हणते, तुमच्या ओळखीत असं कोणी असेल तर पहिलं वाक्य "एवढं कसं कळलं नाही" हे नको.

मशीनला सांगितलं तर?

जोसेफ वायझेनबाउम या संगणकतज्ज्ञाने अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये १९६६ साली एलायझा नावाचा एक साधा प्रोग्रॅम केला, तुम्ही लिहिलेलं वाक्यच उलटवून प्रश्न म्हणून विचारायचा. तो बनताना महिनोन्महिने जवळून पाहिलेल्या त्याच्या सेक्रेटरीने त्याच्याशी थोडा वेळ टाइप केल्यावर वायझेनबाउमलाच सांगितलं, जरा खोलीबाहेर जाता का. २०१४ मध्ये गेल लुकास आणि सहकाऱ्यांनी पडद्यावरच्या आभासी मुलाखतकाराशी लोकांना बोलायला लावलं, काहींना सांगितलं याच्यामागे माणूस आहे आणि काहींना सांगितलं हे पूर्ण कॉम्प्युटरच चालवतोय. कॉम्प्युटर आहे असं समजणारे जास्त मोकळे झाले.

आणि ते समजण्यासारखं आहे. चॅटबॉट तुमच्याबद्दल मत करून घेईल, उद्या तोंड फिरवेल ही भीतीच नाही, परक्या माणसाहूनही परका. ज्याला रात्री दोन वाजता जीव घाबरा होतो त्याला तेवढ्यानेही आधार वाटू शकतो, मी ते कमी लेखत नाही. पण तो कागद आठवा, मधोमध रेघ मारलेला. इथे उजवी बाजू कोरीच राहणार, कारण समोरच्याकडे लपवण्यासारखं, गमावण्यासारखं काही नाहीच. काटा मात्र सरकत राहतो.

मग जपायचं कसं

मन मोकळं करू नका असं मी कोणालाच सांगणार नाही, कोंडून ठेवण्याची किंमत फार मोठी असते. थोडंसं इतकंच की उजवी बाजूही भरत राहा. विचारा, तुझं काय? आणि उत्तराला वेळ द्या, आणि जे "असं मला वाटतं" या सदरात आहे ते खरंच कळलंय का हे अधूनमधून बघा. दोघं तयार असाल तर आवाज, व्हिडिओ, मग सुरक्षित ठिकाणी भेट हे फार लांबवू नका, कारण जितका जास्त काळ नुसत्या मेसेजवर जातो तितकं मनातलं चित्र घट्ट होतं आणि खरा माणूस समोर आल्यावर बिचारा त्या चित्राशी तुलना होऊन हरतो. पैशाचा विषय निघाला तर ती गोष्ट त्याच दिवशी घरच्या एका तरी माणसाला सांगा.

आणखी एक गोष्ट, सँड्रा पेट्रोनिओ या संशोधिकेचं म्हणणं आहे की आपण एखाद्याला गुपित सांगतो तेव्हा तो त्या गुपिताचा सहमालक होतो, पुढे कोणाला सांगायचं कोणाला नाही हे ठरवण्यात त्याचाही हात येतो. बोललेलं निदान हवेत विरून जातं, लिहिलेल्याचा स्क्रीनशॉट निघतो. म्हणून अगदी आतलं लिहिण्याआधी एवढंच विचारा स्वतःला, याला मी सहमालक करतेय का?

मैत्रिणीने त्या कागदानंतर त्याला तीन प्रश्न पाठवले. साधेच होते, तुला कशाची भीती वाटते असे. दोन दिवस उत्तर आलं नाही. ती दर अर्ध्या तासाने गेम उघडून बघायची, त्याच्या नावापुढे हिरवा ठिपका दिसतोय का. तिसऱ्या दिवशी त्याने नऊ मिनिटांचा व्हॉइस मेसेज पाठवला. तो तिने लगेच ऐकला नाही. आधी ताईला फोन केला, सात महिन्यांचं सगळं सांगितलं, अडखळत, मध्ये मध्ये रडत, आणि संध्याकाळी ताई आली तेव्हा दोघींनी एकेक इअरफोन कानात घालून तो मेसेज एकत्र ऐकला, तोच बारीक, भरभर बोलणारा आवाज.